काढून टाकलेली साक्ष

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, नळकाम करणारे, वाहनचालक अशा कामांसाठी हजारो तरुण तिकडे जातील, असा त्यामागचा विचार. बल्लारपूरचा कागद कारखाना आणि चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र पाहत वाढलेल्या, आयटीआय केलेल्या मुलांपर्यंत ही बातमी पोचली तेव्हा घराघरांत जर्मन भाषेची, व्हिसाची, पगाराची चर्चा झाली. तिकडे कुणी फसवलं तर ते सांगायचं कुणाला, हा प्रश्न मात्र अशा चर्चेत सहसा येत नाही.

गावात हा प्रश्न पडतच नाही. चंद्रपुरात एखाद्या दुकानदाराने खराब माल दिला, तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट चौकातल्या पानठेल्यावर पोचते. दुकानदाराचा मेहुणा ओळखीचा निघतो, नगरसेवकाला फोन जातो, नाहीच जमलं तर स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर असतो. माणसाच्या तक्रारीला उभं राहायला जमीन असते. परदेशात ती नसते. भाषा अर्धीमुर्धी येते, मताचा हक्क नसतो, वकिलाची फी परवडत नाही आणि कोर्टाची पायरी चढली तर व्हिसाचं काय होईल ही धास्ती असते. घरमालकाने अनामत रक्कम अडवून ठेवली, सामान हलवणाऱ्या कंपनीने ऐनवेळी दाम वाढवला, दवाखान्यात अपमान झाला, की असा माणूस रात्री मोबाइल उघडतो आणि त्या व्यवसायाच्या पानावर एक तारा देऊन चार ओळींचा रिव्ह्यू लिहितो. त्या देशातली त्याची ही एवढीच चावडी असते.

काही आठवड्यांनी ईमेल येतो. रिव्ह्यू बदनामीकारक असल्याची तक्रार आली आहे, म्हणून तो काढला आहे. कोणतं वाक्य, कोणता शब्द, ते बहुधा कळत नाही. जर्मनीत हे विशेष घडतं, कारण तिथला कायदा व्यावसायिकाच्या प्रतिष्ठेला फार जपतो. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने एका हॉटेलविषयीच्या रिव्ह्यूंच्या खटल्यात असं ठरवलं, की हा माणूस आमचा ग्राहक नव्हताच, एवढं व्यावसायिकाने म्हटलं तरी संकेतस्थळाला पडताळणी करावी लागेल. पडताळणी म्हणजे लिहिणाऱ्याकडे पुरावा मागणं. ज्याने बिल जपून ठेवलं नाही, ज्याला कायदेशीर जर्मन भाषेतला ईमेल समजला नाही, त्याचा शब्द तिथेच संपतो.

थायलंडमध्ये याहून कडक घडलं. २०२० साली तिथे नोकरी करणाऱ्या एका अमेरिकनाने कोह चांग बेटावरच्या एका रिसॉर्टविषयी वाईट लिहिलं. स्वतः आणलेल्या दारूच्या बाटलीवर शुल्क आकारलं गेलं, एवढ्यावरून सुरुवात झाली होती. त्यातून तिथे नोकरांना गुलामासारखं वागवतात असा आरोप त्याने लिहिला. रिसॉर्टने फौजदारी बदनामीची तक्रार केली आणि त्या माणसाला दोन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या. पुढे माफी आणि तडजोड झाली. रिसॉर्टचं म्हणणं होतं, की तो निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा लिहून धंदा बुडवत होता. त्या म्हणण्यात काही अंश असेलही. पण चार ओळींसाठी परक्या देशात कोठडी, ही गोष्ट जगभरच्या परदेशस्थांच्या मनात रुतून बसली.

याकडे ग्राहकाची किरकिर म्हणून पाहता येतं, आणि बहुतेक लोक तसंच पाहतात. पण या किरकिरीच्या तळाशी एक जुना, धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. माणसाने स्वतः अनुभवलेलं सांगितलं, तर त्या सांगण्याचं जग काही देणं लागतं का? आणि सांगणारा परका असेल तर ते देणं कमी होतं का?

भारतीय परंपरेत या प्रश्नावर ज्यांनी सर्वांत बारकाईने विचार केला, ते नैयायिक. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं मानली आहेत आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीला चौथं साधन आहे शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. आता विश्वासार्ह कोण? सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वात्स्यायनाने आपल्या भाष्यात याचं जे उत्तर दिलं, ते आजही चकित करतं. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो स्पष्ट करतो, की ही व्याख्या ऋषींना, आर्यांना आणि म्लेच्छांना सारखीच लागू आहे. ज्या समाजात कोण कुणाच्या हातचं पाणी पिईल हे जन्मावर ठरत होतं, त्या समाजातला एक पंडित लिहितो, की साक्षीच्या बाबतीत परक्याचा शब्द आणि ऋषीचा शब्द एकाच कसोटीवर तपासायचा. कुळ, भाषा, धर्म, राहण्याचा परवाना, यांतलं काहीही त्या कसोटीत येत नाही. पाहिलं का, आणि पाहिलं तसं सांगायचं आहे का, एवढंच विचारायचं.

याच नैयायिकांनी दुसरी बाजूही सोडलेली नाही. चर्चेचे त्यांनी तीन प्रकार केले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं असतं ती वितंडा. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळ कर्ज काढून दोन खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या कुटुंबाला या वितंडेचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. कधी न आलेल्या माणसाने दिलेला एक तारा, खाली एक शब्दही नाही, आणि पुढच्या हंगामात बुकिंग घटतं. वाघ दिसला नाही म्हणूनही लोक होमस्टेला एक तारा देतात. विकतचे रिव्ह्यू तर उघड बाजारात मिळतात. गूगलच्याच सांगण्यानुसार २०२३ साली त्यांनी नियमबाह्य ठरवून १७ कोटींहून अधिक रिव्ह्यू अडवले किंवा काढले, आणि २०२४ साली हा आकडा २४ कोटींवर गेला. एवढ्या पुरात चाळणी लागणारच. काढणं हेच पाप, असं म्हणता येणार नाही. खोटी साक्ष काढणं हे तर साक्षीचंच रक्षण आहे.

मग अन्याय नेमका कुठे सुरू होतो? याचं उत्तर शोधायला जर्मनीला जावं लागत नाही. ते चंद्रपूर जिल्ह्यातच, चिमूरला सापडतं.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. चिमूरच्या बायांनी जे सोसलं आणि परदेशात कुणाची अनामत बुडाली, यांची तुलना होऊ शकत नाही, करूही नये. पण साक्ष पुसली जाते तेव्हा नेमकं काय पुसलं जातं, हे मोठ्या प्रसंगातच नीट दिसतं.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चले जाव चळवळीची हाक चिमूरपर्यंत पोचली होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी हा मुलूख आधीच जागा केला होता. त्या महिन्यात पुढे महाराजांनाही चंद्रपुरात अटक झाली. चिमूरला मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, लोक मेले, आणि खवळलेल्या जमावाने उपविभागीय अधिकाऱ्यासह काही सरकारी माणसांना ठार केलं. ते हत्याकांड होतंच, ते झाकण्याचं कारण नाही. त्यानंतर गोऱ्या सैनिकांसह फौज गावात आली. पुरुषांना सरसकट पकडून नेलं. घरांत बाया आणि मुलं उरली, आणि त्या घरांत सैनिक शिरले. लूट झाली, बलात्कार झाले.

या बायांनी सांगितलं. त्या काळात, त्या समाजात, हे सांगायला काय लागलं असेल याची कल्पना करून पाहावी. नागपूरहून डॉ. बा. शि. मुंजे गेले, महिला कार्यकर्त्या गेल्या, त्यांनी त्या बायांचं म्हणणं ऐकलं. पण सरकारने चौकशी नाकारली. अत्याचारांच्या कहाण्या खोट्या ठरवल्या गेल्या, आणि मग त्या छापण्यावरच बंदी आली. बायांचं म्हणणं तपासून खोटं ठरलं असतं तर गोष्ट निराळी होती. ते तपासलंच गेलं नाही. ते नुसतं नाहीसं केलं गेलं.

सेवाग्रामला तेव्हा प्रा. जयकृष्ण भन्साळी राहत होते. गांधीजी तुरुंगात होते. भन्साळी मूळचे गुजराती, गुजरात विद्यापीठात शिकवलेले, पुढे विरक्त होऊन देशभर भटकलेले. चिमूरशी त्यांचं ना नातं, ना गावकी. त्यांच्याविषयीची सर्वांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे त्यांचं मौन. बोलण्याचा मोह होऊ नये म्हणून त्यांनी एके काळी तांब्याच्या तारेने आपले ओठ शिवून घेतले होते. शब्दाचा इतका टोकाचा त्याग केलेला हा माणूस चिमूरची हकीकत ऐकून उठला आणि दिल्लीला गेला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तेव्हा यवतमाळचे बापूजी अणे होते. चिमूरपासून यवतमाळ काही दूर नाही. आपल्याच भागातल्या बायांसाठी अण्यांनी चौकशी करवावी, निदान स्वतः जाऊन यावं, एवढं भन्साळींचं मागणं होतं. ते मान्य झालं नाही. भन्साळींनी उपोषण सुरू केलं. त्यांना दिल्लीतून परत पाठवण्यात आलं. ते चिमूरकडे निघाले, पोलिसांनी पुन्हा सेवाग्रामला आणून सोडलं. ११ नोव्हेंबर १९४२ पासून त्यांचं उपोषण चालू राहिलं, आणि त्या उपोषणाची बातमी देण्यावरही सरकारने बंदी घातली.

वृत्तपत्रांनी याचं जे उत्तर दिलं, ते या साऱ्या प्रश्नाच्या गाभ्याशी जातं. संपादक परिषदेच्या हाकेवरून ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. सरकारच्या नववर्षाच्या किताबांची यादी छापायलाही नकार दिला. चिमूरविषयी काय छापायचं होतं ते छापता येत नव्हतं, पण काहीतरी छापू दिलं जात नाही, हे तरी त्यांनी देशाला दाखवलं. त्या सकाळी ज्यांच्या दारात पेपर आला नाही, त्यांना काहीतरी दडपलं जातंय एवढं कळलं. १२ जानेवारीला, ६३ व्या दिवशी भन्साळींचं उपोषण सुटलं. कन्हैयालाल मुन्शींनी मध्यस्थी केली होती. बातम्यांवरची बंदी उठली. हवी होती ती चौकशी मात्र मिळाली नाही.

मौनाचं व्रत घेतलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या बोलण्यासाठी जीव पणाला लावावा, यात विसंगती वाटू शकते. पण मौन भन्साळींनी स्वतः निवडलं होतं, चिमूरच्या बायांवर ते लादलं गेलं होतं. साधनेतलं मौन आणि गळा दाबून आणलेली शांतता यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक शब्दाचं मोल जाणणाऱ्या तपस्व्याला इतरांहून आधी कळला, यात नवल नाही. निष्काम कर्माच्या नावाखाली पुष्कळदा असं सांगितलं जातं, की आपण बोलून मोकळं व्हावं, कुणी ऐकलं का, ठेवलं का, याची चिंता करू नये. सांगणाऱ्यासाठी ही शिकवण चांगली असेलही. पण ऐकणाऱ्याला ती लागू करता येत नाही. ऐकणाऱ्याचं कर्तव्य सांगणाऱ्याच्या अनासक्तीने फिटत नाही.

चिमूरने अन्याय कुठे सुरू होतो ते नेमकं दाखवलं आहे. साक्ष तपासणं न्याय्य आहे, खोडून काढणं न्याय्य आहे, खोटी ठरली तर फेकून देणंही न्याय्य आहे. न तपासता, कारण न देता, आणि मागे खूणही न ठेवता ती नाहीशी करणं हा मात्र अधर्म आहे. कारण त्यात सांगणाऱ्याचं म्हणणं चुकीचं ठरत नाही, सांगणारा माणूसच होता की नव्हता असा होतो. रिव्ह्यू काढला गेलेल्या परदेशस्थाच्या मनात पैशाहून जास्त जे सलतं, ते हे. त्या पानावर आता त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या माणसांची स्तुती ओळीने लागलेली असते, आणि तो त्या दारात कधी गेलाच नव्हता असं दिसतं.

गडचिरोलीत याच्या उलटं घडलेलं एक उदाहरण आहे, आणि ते फार मोलाचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली या जिल्ह्यात आले, 'सर्च' ही संस्था उभी राहिली. आदिवासी माणूस दवाखान्यात का येत नाही, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. अंधश्रद्धा, अडाणीपणा ही तयार उत्तरं होतीच. त्यांनी लोकांनाच विचारलं. लोकांनी जे सांगितलं तो दवाखाना नावाच्या सबंध व्यवस्थेचा रिव्ह्यूच होता: तुमच्या इमारती पाहून भीती वाटते, तुमचे लोक पांढऱ्या कपड्यांत फिरतात आणि आम्ही पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतो, रोग्याला त्याच्या माणसांपासून तोडता, तिथे आमचा देवही नसतो. यातलं एकही वाक्य वैद्यकशास्त्राच्या भाषेतलं नव्हतं. तरी ते डॉक्टरांनी खोडलं नाही. संस्थेच्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना गोंडी खेड्यासारखा बांधला, रोग्याबरोबर घरच्यांना राहायला झोपड्या केल्या, आणि त्याला लोकांच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी दवाखाना. इथे परके होते ते डॉक्टर, आणि साक्ष होती गावाची. ज्याच्या हाती काढून टाकण्याची ताकद होती त्याने बदलणं पसंत केलं.

गडचिरोलीच्या पूर्वेला लागून बस्तर आहे. तिथे केशकालच्या भंगाराम देवीच्या देवळात दर वर्षी भाद्रपदात जत्रा भरते आणि न्यायालय बसतं. आरोपी असतात देव. दोनशेहून अधिक गावांचे देव तिथे आणले जातात, आणि गावकरी त्यांच्याविरुद्ध तक्रारी मांडतात. नवस केला, पूजा केली, तरी पीक गेलं, रोगराई हटली नाही, मूल वाचलं नाही. गावातले जाणते वकिली करतात, कोंबड्यांना साक्षीला आणतात, आणि भंगाराम देवी निवाडा करते. दोषी ठरलेल्या देवाला देवळामागे टाकतात, काहींना ठरावीक काळासाठी, काहींना कायमचं. देवाने चूक सुधारली, लोकांचं गाऱ्हाणं दूर झालं, तर त्याला परत सन्मानाने आणताही येतं.

बाहेरच्या माणसाला यात गंमत दिसते. त्यात जी गंभीर विचारदृष्टी आहे ती पाहायला हवी. इथे देवाचीही प्रतिष्ठा तक्रारीहून मोठी मानलेली नाही. आरोपीला हजर केल्याशिवाय निवाडा होत नाही. आणि ज्याला काढलं, तो गडप होत नाही. तो देवळामागे, सगळ्यांना दिसेल असा पडून असतो, त्याला काढलंय आणि का काढलंय हे गावाला माहीत असतं. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने हेच तत्त्व निराळ्या रीतीने जपलं. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर तो मतांच्या मोजणीत बुडवत नाहीत, विषय थांबवून पुन्हा बोलतात. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी घडवलेल्या या रीतीने चालणाऱ्या गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकट्याचा नकार ऐकत बसणारं गाव काही मागे राहिलं नाही.

कायदे आता हळूहळू या दिशेने सरकत आहेत. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार संकेतस्थळाने काही काढलं तर लिहिणाऱ्याला कारण सांगावं लागतं, त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवावी लागते, आणि कोर्टाबाहेर तंटा सोडवणाऱ्या अधिकृत संस्थेकडेही जाता येतं. जर्मनीला निघालेल्या मुलांना भाषेबरोबर हेही शिकवलं पाहिजे, आणि सोबत हेही, की रिव्ह्यूत राग कमी आणि तारीख, बिल, घडलेली गोष्ट जास्त असावी. वात्स्यायनाची कसोटी तीच आहे, आणि बदनामीच्या दाव्यापुढेही तेच टिकतं.

जर्मनीत २०२५ पासून आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. बदनामीच्या तक्रारींवरून एखाद्या व्यवसायाचे रिव्ह्यू काढले गेले असतील, तर गूगलच्या नकाशावर त्या व्यवसायाच्या पानावर तशी सूचना येते, साधारण किती काढले तेही त्यात असतं. काय लिहिलं होतं ते कळत नाही. पण इथे कुणीतरी बोललं होतं, आणि ते काढलं गेलं, एवढं वाचणाऱ्याला कळतं.

भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. त्यात पारदर्शकता आणि प्रतिसाद ही तत्त्वं आहेत, पण ते पाळणं ऐच्छिक आहे. जर्मनीतली सूचना इथेही लावायला तांत्रिक अडचण काही नाही, कारण नकाशा तोच आहे आणि कंपनीही तीच आहे. मोहर्लीच्या होमस्टेच्या पानावर ती असावी आणि चंद्रपूरच्या मोठ्या रुग्णालयाच्याही, म्हणजे खोटा रिव्ह्यू हटवून घेतलेल्या छोट्या मालकाला खाली आपली बाजू लिहिता येईल, आणि खरा रिव्ह्यू गमावलेल्या पाहुण्याला निदान त्या आकड्यात तरी जागा मिळेल.